दुसरा घाव

६ फेब्रुवारी

धाकट्या,

कसा आहेस, हे विचारत नाही. तुरुंगातल्या माणसाला ‘बरा आहेस ना’ विचारायचं आणि त्याने ‘हो’ म्हणायचं, असली नाटकं आपल्या घरात कधी चालली नाहीत. आम्ही दोघी जिवंत आहोत. आईच्या डाव्या हाताचं प्लास्टर काल काढलं. हात काटकीसारखा बारीक झालाय, पण बोटं हलतात आणि त्याच हाताने तिने मला संध्याकाळी चापट मारली, चहात साखर कमी होती म्हणून. तुझं नाव दिवसातून दहादा घेते. मी सांगितलंय, धाकटा लांब कामाला गेलाय. तिला ते कितपत पटलंय, देव जाणे.

वकीलबाई म्हणाल्या, भावाला पत्र लिहा, पण जपून लिहा, तिथे जाणारं प्रत्येक पत्र आधी एक साहेब वाचतो. म्हणून जपून लिहिते. त्या दिवशी तू केलंस ते चांगलं केलं नाहीस. मालकाची माणसं घर खाली करायला घुसली, दार बिजागऱ्यांसकट उपटलं, आईला खाटेसकट उचललं, हे सगळं खरं. तरी धार लावायच्या जुन्या चाकाचा लोखंडी दांडा उचलून त्यांच्या पैलवानाच्या डोक्यात घालायचं काही कारण नव्हतं. आणि दार उघडू नका म्हणून वकीलबाईंनी बजावलेलं असताना तू ते उघडलंसच का?

बाबांनी भाडेकरार माझ्या नावावर केला म्हणून नऊ वर्षं तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. मी बोलावलं म्हणून आलास आणि आठ दिवसांत हे करून बसलास. कायद्याने या घराशी तुझा संबंध नाही. मी भाडेकरू, तू पाहुणा. पाहुण्याला राग आला तर भाडेकरू काय करणार? पोलिसांना मी हेच सांगितलं आणि कोर्टातही हेच सांगणार आहे.

दुकान चालू आहे. मोठ्या सहाणेचे त्यांनी घण घालून तीन तुकडे केले, त्यातल्या मोठ्या तुकड्यावर धार लावते. केस कापणारे, कापड कापणारे, मटण कापणारे, सगळे येतात. येतात आणि दाराकडे बघतात. दार मी तारेने बांधून उभं केलंय.

उत्तर पाठव. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

ताई

२ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. लहानपणीही तू असाच होतास. मार खायचास आणि तोंडाला कुलूप.

आज खटल्याचं सांगते, म्हणजे तू कशासाठी आत बसलायस ते तरी तुला कळेल. मालकाने दाव्यात तीन कारणं दिलीत. घर पडायला झालंय, धार लावायच्या आवाजाने लोकांना उपद्रव होतो आणि घर त्याला स्वतःला राहायला हवंय. आपली वकीलबाई दिसायला एवढीशी, आवाज पोपटासारखा, पण मागच्या तारखेला तिने मालकाच्या वकिलाला असा सोलला की मला बसल्या जागी हसू आवरेना.

नोटीस म्हणे बाबांच्या नावाने काढलेली. ‘साहेब, मेलेल्या माणसाला घर खाली करायला सांगितलंय, त्याने ते आधीच केलंय,’ बाई म्हणाल्या. घर धोकादायक असल्याचा इंजिनीयरचा रिपोर्ट आहे, त्यात आपल्या घराला दोन जिने आहेत. एक तरी जिना दाखवा, म्हणाल्या. आपलं घर तळमजल्यावर, जिना आणायचा कुठून? उपद्रवाचं तर विचारूच नकोस. तीस वर्षं मालकाच्या घरची प्रत्येक सुरी, प्रत्येक कात्री याच सहाणेवर आली. तेव्हा कानाला त्रास झाला नाही का, असं विचारल्यावर मालक पाणी प्यायला.

बाईंनी मला एक गोष्ट घोकून घेतली आहे. घर परत मागायचा हक्क मालकाला आहे, पण ते मागायचं कोर्टात. हुकूम नसताना दार तोडणं, पाणी तोडणं, सामान फेकणं, हे सगळं बेकायदा. आणि निकाल लागेपर्यंत ताबा सोडायचा नाही. घर तासभर रिकामं राहिलं तरी ते कुलूप घालतील आणि भाडेकरू आपणहून गेले म्हणून सांगतील. मी कोर्टात जाते तेव्हा आई खाटेवर पडून ताबा सांभाळते. बाई म्हणतात, हिच्याइतका पक्का ताबा मी आजवर बघितला नाही.

पण एक चौथं कारण असतं. भाडेकरूने मालकाच्या माणसाचा जीव जाईल असा मार दिला, तर बाकीचं सगळं जिंकूनही घर जातं. म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, ‘मारणारा भाडेकरू नव्हता, मला एवढं पुरे. त्याच्या पुढचं मला काही सांगू नका.’ मी सांगितलं नाही.

आई आता हाक मारते आहे, उशी सरकली असेल.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

पाण्याचा पाइप त्यांनी करवतीने कापून नेला, ते जुनं झालं. आता शेजारची रिकामी खोली मालकाने ताब्यात घेतली आहे आणि मधल्या भिंतीवर पलीकडून घण चालतो. रोज सकाळी आठ ते बारा, बँकेच्या वेळेसारखा. पोलीस येऊन बघून गेले. मालक म्हणतो, मी माझ्या खोलीची दुरुस्ती करतोय.

मंगळवारी घणाचं तोंड भिंतीतून आत आलं. आईच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. चुना, विटांचे तुकडे, सगळं तिच्या तोंडावर. ती ओरडली नाही, फक्त डोळे मिटून ‘धाकट्या, बघ रे’ म्हणाली. मी काय होते मग, खांब? चोवीस तास उशाशी मी आणि हाक तुला!

मी आईची खाट ओढून दुसऱ्या भिंतीला लावली. मग मटणवाल्याचा मोठा सुरा आला होता, त्याला अशी धार लावली की कागद नुसता टेकवला तरी चिरला जावा. तो त्या भोकात आतून पाचर मारून बसवला, पातं पलीकडे. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला पलीकडे कुणीतरी विटा काढायला हात घातला. जो आवाज आला तो ऐकून मी चहा ओतायची थांबले नाही.

भिंत त्या दिवसापासून शांत आहे. वकीलबाईंना कळलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. ‘तुम्हाला कळतंय का, त्याचा पंजा गेला असता! तुम्ही भाडेकरू आहात की खाटीक? हे परत झालं तर वकीलपत्र मी परत करीन.’ मी म्हटलं, बाई, मी धारवाली आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, ते न विचारताच त्यांनी फाइल मिटली.

वरचा मजकूर वाचणाऱ्या साहेबांनी वाचला नाही असं समजावं. सुरा मटणवाल्याला परत गेला आहे.

तुझा वकील भेटला होता. म्हणाला, त्याने गुन्हा कबूल केलाय, माझ्याशी बोलतही नाही, सात वर्षांच्या खाली काही होणार नाही. सात वर्षं. मी तुझ्यासाठी लोकरीचा जुना स्वेटर पाठवला आहे, कोपरावर ठिगळ लावून. मिळाला की कळव.

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

काल एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, कपडे साधे, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. शिंपीण आहे हे मी बोटांवरूनच ओळखलं. म्हटलं, काय आणलंय धारेला? म्हणाली, ‘आणलं नाही, न्यायला आलेय. माझी कात्री तुमच्याकडे आहे. जानेवारीत माझ्या नवऱ्याने आणलेली.’

पैलवानाची बायको. तो त्या दिवशी कापडात गुंडाळून जी कात्री घेऊन आला होता ती माझ्या फळीवर अजून तशीच पडली होती. मला वाटलं होतं, दार उघडून घ्यायला कुठूनतरी उचलली असेल. तिची होती. तिच्या पोटापाण्याची. तिला न विचारता घेऊन गेला होता.

मी तिला बस म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. कात्री सहाणेवर धरली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. ती बोलत राहिली. तो आता उजव्या बाजूने लुळा आहे. तोंडातून शब्द येत नाही, नुसता आवाज येतो. तिला हाक मारायची असली की खाटेवर मूठ आपटतो. तिने जेवण भरवलं तर रडतो. पूर्वी तिला मारायचा, हेही तिने सांगितलं, तक्रार म्हणून नाही, हवापाण्याचं सांगावं तसं.

मग म्हणाली, ‘ताई, एक विचारू? डॉक्टर म्हणतात दोन मार आहेत. एक समोरून, खांद्यावर, हाड मोडलंय. दुसरा मागून, डोक्यात. पहिल्याचं मला कळतं. तो लोकांच्या घरात घुसायचा, कधीतरी कुणीतरी हाणणारच होतं. पण मागून म्हणजे तो तर निघाला होता ना? तुमच्या भावाने निघालेल्या माणसाला कशाला मारलं?’

मी म्हटलं, त्याला विचारायला हवं.

ती म्हणाली, ‘विचारलं. तुरुंगात जाऊन भेटले त्याला. चांगला वाटला हो. नुसता माफ करा म्हणत होता. त्याचे डोळे काही मारणाऱ्याचे वाटले नाहीत मला. मी रोज मार खाल्लाय, मला कळतं.’

कात्री घेऊन ती गेली. जाताना पात्यावरून बोट फिरवून ‘छान लागली’ म्हणाली. तिने कात्री उचलली त्यानंतर दिवसभर मी एकाही गिऱ्हाइकाला उभं केलं नाही. बाबांची शिस्त मोडली, धार मागायला आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही ही. बाबा सांगायचे, आपल्याकडे हत्यार घेऊन येणारा माणूस आपल्यावर विश्वास टाकून येतो. त्या शिस्तीपायीच जानेवारीत दार उघडलं गेलं.

मला आज एवढंच लिहिता येतंय.

ताई

४ मे

धाकट्या,

तुझी चिठ्ठी आली. तीन महिन्यांत तीन ओळी. ‘ताई, पत्रं थांबव. वाचलं की मलाही तसंच आठवायला लागतं. आईला सांभाळ.’

ती वाचून मी मोरीत जाऊन बसले आणि मोठ्याने रडले. साहेब, तुम्हीही वाचा, आता जपून लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

दार मी उघडलं. तू मागच्या नळावरून पाण्याच्या बादल्या आणायला गेला होतास. पैलवान म्हणाला, ‘बाई, कात्रीला धार हवीय,’ आणि मी साखळी काढली. दुसरं कुणीही असतं तर विचार केला असता. पण धारेचं नाव काढलं की आपलं दार उघडतं, हे मालकाला तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याच्या मागे चौघे होते. दार गेलं, सहाण गेली, मग ते आत गेले. दोघांनी आईची खाट पायाकडून उचलली, डोक्याकडून पैलवानाने. ‘म्हातारीला रस्त्यावर ठेवा, मग बघू ताबा,’ असं म्हणून त्याने खाट तिरकी केली. आई पडली ती डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दांडा कधी हातात आला ते आठवत नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो खाली बसला, हात वर करून ‘बास, बाई, बास’ म्हणाला. ते चौघे तेवढ्यात पळाले. घर वाचलं होतं. आई विव्हळत होती, पण वाचली होती. पैलवान गुडघ्यांवर वळला आणि दाराकडे रांगायला लागला. तेव्हा मी त्याच्या डोक्यात दुसरा घातला, दोन्ही हातांनी, सगळी ताकद लावून. घाबरून नाही. मला घालायचा होता. घातल्यावर बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मला या चार महिन्यांत एक दिवस सोडून गेलेलं नाही.

तू बादल्या टाकून धावत आलास. दांडा माझ्या हातातून ओढून घेतलास आणि पोलिसांनी तो तुझ्या हातात बघितला. त्यांनी विचारलं, कुणी मारलं? मी तोंड उघडलं होतं, धाकट्या. खरंच उघडलं होतं. तू आईकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि ‘मी’ म्हणालास. आणि मी तोंड मिटलं. घर माझं, भाडेकरार माझा, आई माझ्याच्याने सांभाळली जाते, हा सगळा हिशेब मी त्या एका क्षणात केला. जे घर तुला मिळालं नाही म्हणून तू रुसून गेला होतास, त्याच घरासाठी तुला आत जाऊ दिलं. वर पत्रांतून तुलाच बोल लावत राहिले. मला माझी लाज वाटते. हे कागदावर आधी लिहायला हवं होतं.

काल माझी साक्ष होती. शेवटचीच. वकीलबाईंनी सगळं जिंकत आणलं होतं. नोटीस निकामी, रिपोर्ट खोटा, उपद्रव खोटा, घुसखोरी सिद्ध. मालकाच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, ‘मारहाण झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ उत्तर ठरलेलं होतं, खाली पडलेल्या आईपाशी, तिला सावरत. मी म्हटलं, ‘मारत होते.’

न्यायाधीश पुढे वाकले. ‘बाई, स्वतःविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?’ मी म्हटलं, कळतंय, आणि दोन्ही घाव सांगितले. पहिला कुठून, दुसरा कुठून. मालक मागच्या बाकावर बसून पहिल्यांदा हसला. पैलवानाची बायको दाराजवळ उभी होती, ती हसली नाही.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाई माझ्यावर ओरडल्या. ‘पहिला घाव मी वाचवला असता! घरात घुसून म्हातारीला पाडणाऱ्याला हाणायचा हक्क कायदाच देतो. दुसऱ्याचं मी काय करू?’ मी म्हटलं, दुसऱ्याचं काही करू नका, तो माझा आहे. त्यांनी डोळे पुसले, मग नाक शिंकरलं, मग लगेच कामाला लागल्या. मालक आता दाव्यात चौथं कारण घालेल आणि घर जाईल, असं त्यांचं मत आहे. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि तोवर हुकमाशिवाय कुणी दाराला हात लावू शकत नाही. त्यांनी मनाई हुकूम कालच मिळवला.

सोमवारी मला पोलिसांत हजर व्हायचं आहे. तुझा वकील म्हणतो, चार-पाच दिवसांत तुला सोडतील. मधले दिवस पैलवानाची बायको आईजवळ राहते म्हणाली. मी तिला विचारलं नव्हतं, तिनेच विचारलं. तू थेट घरी ये. आईला उजव्या कुशीवर वळवायचं, डाव्या नाही. औषध सकाळी एक, दुपारी अर्धी. तिला सांगशील ते सांग, पण खोटं सांगू नकोस, तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. मी काल बॅग भरायला घेतली तेव्हा म्हणाली, ‘तू कशाला इतके दिवस लावलेस?’

एक सांगायचं राहिलं. मी साक्ष देऊन पिंजऱ्यातून उतरत होते तेव्हा न्यायाधीशांनी मला थांबवलं. ‘शेवटचं विचारतो. दुसऱ्या घावानंतर तुम्ही काय केलंत?’

मी म्हटलं, ‘तिसऱ्यासाठी दांडा उचलला.’

‘मग?’

‘माझ्या भावाने माझा हात धरला. त्याने धरला नसता तर आज तो माणूस जिवंत नसता.’

न्यायाधीशांनी ते लिहायला सांगितलं. कारकुनाने लिहून मला वाचून दाखवलं, आणि मी त्याखाली सही केली.

तुझी ताई